बडोद्याची ग्रंथालयं आणि संग्रहालयं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की पुण्या-मुंबईचे, नाशिकचे पाहुणे फोन करून विचारायला लागतात. २०१८ साली इथे साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून तर जास्तच. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. तिकिटांचे दर मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते बदलतात, आणि मग खिडकीवर माझ्या नावाने वाद होतात.

१. बडोद्यात या प्रकारातलं बघायचं तरी काय काय आहे? सगळं एकाच ठिकाणी आहे का?

एका आवारात नाही, पण फार लांबही नाही. जुन्या गावात मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी, म्हणजे मध्यवर्ती ग्रंथालय. तिथून रावपुऱ्याकडे आलात की तांबेकर वाडा. विश्वामित्रीच्या बाजूला कमाटीबाग आणि बागेत बडोदा म्युझियम. पुलाजवळ कीर्तिमंदिर. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंग म्युझियम. आणि विद्यापीठाकडची दोन: प्राच्यविद्या मंदिर आणि हंसा मेहता लायब्ररी. रिक्षाने एकातून दुसऱ्यात जायला दहा-पंधरा मिनिटं. मांडवीच्या गर्दीत मात्र गाडी घालू नका. न्यायमंदिरापाशी उतरून लहेरीपुरा दरवाज्यातून पायी जा.

२. रिक्षावाल्याला "म्युझियम" सांगितलं तर त्याने बागेत नेऊन सोडलं. आम्हाला रविवर्म्याची चित्रं बघायची होती!

हा घोटाळा इतका ठरलेला आहे की मी आता आधीच सांगते. नुसतं "म्युझियम" म्हणजे कमाटीबागेतलं सरकारी संग्रहालय. रविवर्म्याचा मोठा संग्रह आहे तो राजघराण्याच्या फत्तेसिंग म्युझियममध्ये. ते राजमहालाच्या आवारात आहे, तेव्हा "राजमहाल" असं सांगा. तिथेही राजवाड्याचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं असतं. राजवाडा बघून आलो म्हणजे चित्रं बघून झाली, असं समजून बरेच जण परत जातात. चित्रांबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. एका दिवसात सगळं होईल का?

नाही. एकच दिवस असेल तर सकाळी सेंट्रल लायब्ररी आणि तांबेकर वाडा, दुपारी जेवून कमाटीबागेतलं म्युझियम, उतरत्या उन्हात कीर्तिमंदिर. राजमहाल दुसऱ्या दिवसावर टाका. सोमवार आणि सरकारी सुट्ट्या टाळा. माझा भाचा एकदा ठाण्याहून खास म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा (प्रश्न १२) बघायला आला आणि बंद दाराला हात लावून परत गेला. तो अजून ते बोलून दाखवतो.

४. कमाटीबाग आणि सयाजीबाग वेगळ्या आहेत का?

एकच. १८७९ साली केलेली बाग. पाटीवर सयाजीबाग, तोंडी कमाटीबाग.

५. सेंट्रल लायब्ररी इतकी नावाजलेली का? भारतातलं पहिलं सार्वजनिक ग्रंथालय तेच ना?

पहिलं नाही. हे ऐकून बडोदेकर रागावतात, पण रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आणि पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. वयाने ही सगळी आपल्या लायब्ररीची आजी-पणजी.

बडोद्याने केलं ते वेगळं. ती वाचनालयं वर्गणीवर चालायची. वर्गणी देणारा वकील, मास्तर, कारकून तिथे वाचायचा. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. चौथीपर्यंत शिकलेल्या कुणब्याच्या पोराने शाळा सुटल्यावर वाचायचं काय? घरात पंचांगाशिवाय छापील कागद नाही. दोन-चार वर्षांत अक्षरओळख पुसली जाणार आणि शाळेवरचा खर्च पाण्यात जाणार. ग्रंथालयं निघाली ती ही गळती थांबवायला. म्हणून ती फुकट, सरकारी खर्चाने आणि खेड्यापर्यंत नेलेली होती. १९१० साली वेगळं ग्रंथालय खातंच निघालं. महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह त्यासाठी देऊन टाकला, आणि सरकारवाडा या जुन्या राजवाड्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. बायकांसाठी वेगळा विभाग होता, मुलांसाठी वेगळा.

लायब्ररी बघायला येणारे लोक इमारतीचे फोटो काढतात. इमारत चांगलीच आहे. पण बडोद्याचा खरा पराक्रम या इमारतीबाहेर, खेड्यांत झाला. तो प्रश्न ७ मध्ये.

६. कोणी अमेरिकन माणूस आणला होता म्हणे. तो कोण?

विल्यम ॲलन्सन बॉर्डन. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावी यंग मेन्स इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय सांभाळणारा माणूस. महाराजांनी अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि हे आपल्याकडे हवं म्हणून त्याला बोलावून घेतलं. १९१० मध्ये तो आला आणि १९१३ मध्ये परत गेला. म्हणजे जेमतेम तीन वर्षं. तेवढ्यात त्याने खात्याची घडी बसवली आणि कटर व ड्यूई या दोन अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींचा मेळ घालून पुस्तकांचं वर्गीकरण केलं. १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. भारतातला हा असा पहिला वर्ग. लाहोरचा वर्ग त्यानंतर चार वर्षांनी, १९१५ मध्ये निघाला.

१९१२ पासून इथून एक त्रैमासिकही निघायचं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत, आणि विषय फक्त ग्रंथालयांचा! १९१९ पर्यंत ते चाललं. आज अशा विषयाला मराठीत किती वर्गणीदार मिळतील याचा विचार न केलेला बरा.

बॉर्डनचं नाव सगळे घेतात. त्याच्यानंतर गाडा ओढणाऱ्यांचं कोणी घेत नाही. ज. स. कुडाळकर, न्यूटन मोहन दत्त, आणि सगळ्यांत महत्त्वाचे मोतीभाई अमीन. अमीन हे चरोतरातले शिक्षक. गावोगाव पायपीट करून लोकांकडून वाचनालयं काढून घेतली ती त्यांनी. गुजरातेत त्यांना ग्रंथालय चळवळीचे जनक मानतात. आपण मराठी माणसांनी निदान नाव तरी ऐकलेलं असावं.

७. खेड्यांतली ग्रंथालयं चालायची कशी? पैसे कोण द्यायचं?

तिघं मिळून. गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. याला वरची मर्यादा होती: खेड्याला वर्षाला १०० रुपये, कसब्याला ३००, प्रांताच्या गावाला ७००. इमारत बांधायची तरी हाच तीन हिश्शांचा हिशेब. यात गोम अशी की गावाने आधी स्वतःचा हात खिशात घालावा लागे. नुसता अर्ज करून काही मिळत नसे. फुकट मिळालेल्या कपाटाला गाव कुलूप लावून ठेवतं, स्वतः वर्गणी भरलेल्या कपाटाची किल्ली मात्र रोज मागितली जाते, हे त्या काळच्या कारभाऱ्यांनी ओळखलं होतं.

जिथे तेवढीही सोय नव्हती तिथे फिरती ग्रंथालयं जात. कुलपाची लाकडी पेटी, आत १५ ते ३० निवडक पुस्तकं. पेटी रेल्वेने स्टेशनात उतरायची, तिथून गावात. भाडं सरकारचं. काही महिने गावात राहिली की ती परत जायची आणि दुसरी यायची. न वाचता येणाऱ्यांसाठी खात्याची वेगळी शाखा होती. ती जादूच्या कंदिलाने आणि पुढे सिनेमाच्या यंत्राने चित्रं दाखवत फिरायची.

८. मग देशातला पहिला ग्रंथालय कायदाही बडोद्याचाच असणार?

नाही, तो कोल्हापूरचा, १९४५ सालचा. मद्रासचा १९४८ चा. बडोद्याने हे सगळं हुकूम आणि अनुदानाच्या नियमांवर चालवलं, कायदा केला नाही. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा हे उणं जाणवलं, असं माझं मत. हुकूम देणाराच राहिला नाही. गुजरातला स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा मिळायला २००१ साल उजाडलं.

९. लायब्ररीत काचेची जमीन आहे हे खरं का?

खरं. पुस्तकांच्या दालनात लोखंडी मांडण्या मजल्यावर मजला अशा उभ्या आहेत, आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेच्या लाद्यांची. कारण साधं आहे. दाट मांडण्यांच्या मधल्या बोळात उजेड पोचत नाही, आणि पुस्तकांपाशी दिवा-मेणबत्ती न्यायची सोय नाही. काचेतून वरचा उजेड खाली झिरपतो. लोखंड आणि काच, म्हणजे आगीला आणि वाळवीलाही खायला काही नाही. खाली उभं राहिलं की वर चालणाऱ्याची सावली डोक्यावरून सरकते. पहिल्यांदा बघाल तर दचकायला होतं.

हे दालन म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, चालू गोदाम आहे. परवानगी विचारा, मिळते. घोळका करून गेलात तर नाही मिळणार.

१०. तिथे मराठी पुस्तकं मिळतात का? सभासद होता येतं का?

मिळतात, आणि भरपूर. एकूण तीन लाखांच्या घरातल्या संग्रहात गुजरातीखालोखाल आपल्या भाषेचा भाग मोठा आहे. जुन्या पुस्तकांसाठी तर हे ठिकाण सोन्याची खाण. संस्थानी काळात सरकारच मराठी ग्रंथांना आश्रय द्यायचं. महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढून त्यांच्या व्याजावर श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला चालवली. पुस्तकं गुजरातीत निघत तशीच मराठीतही. इतिहास, आरोग्य, नीती, चरित्रं, शास्त्र, सगळं. त्यातली कित्येक पुन्हा छापली गेली नाहीत, आणि पुण्यात शोधून सापडली नाहीत ती इथे सापडलेली आहेत. नवी कादंबरी मात्र इथे शोधू नका. नव्या मराठी पुस्तकांची आवक पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि मागणी करणारे आपणच घटलो आहोत.

सभासद व्हायला गावातला राहण्याचा पुरावा, फोटो आणि थोडं डिपॉझिट लागतं. बाहेरगावच्यांना पुस्तक घरी नेता येत नाही, पण वाचनकक्षात बसून वाचायला अडचण नसते. ओळखपत्र जवळ ठेवा.

११. कॅटलॉगमध्ये शोधलं तर पुस्तक नाही म्हणतात. आजोबांनी तर तिथेच वाचलं होतं!

बहुतेक वेळा पुस्तक असतं, नाव चुकलेलं असतं. शहराचं नाव १९७४ पासून अधिकृतरीत्या वडोदरा झालं. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर बडोदे किंवा बडोदा असतं, इंग्रजीत बरोडा. तिन्ही नावांनी शोधा. दुसरं असं की जुनी मराठी नावं गुजराती कारकुनाने गुजराती वळणाने नोंदलेली असतात. ळ चा ल झालेला, "चे" चं "ना" झालेलं. लेखकाच्या आडनावाने मिळालं नाही तर पहिल्या नावाने बघा. गुजरातेत वडिलांच्या नावासह नोंदायची सवय असल्याने "गणेश" खाली तुमचे "जोशी" बसलेले असू शकतात. आणि तरीही नाही मिळालं तर काउंटरवरच्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा. यंत्रात नसलेली बरीच पुस्तकं त्यांच्या डोक्यात असतात.

१२. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नक्की काय बघावं? मुलं कंटाळतील का?

मुलांना आधी देवमाशाकडे न्या, म्हणजे पुढचा तास तुमचा. निळ्या देवमाशाचा हा सांगाडा सत्तर फुटांच्या पुढचा आहे. १९४४ च्या वादळात तो महीच्या मुखाशी वाहत आला. गाइड त्याला "पिल्लू" म्हणतात. निळ्या देवमाशाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू तेवीस-चोवीस फुटांचं असतं, तेव्हा हा चांगला वाढलेला गडी होता. त्यानंतर इजिप्तची ममी. तिच्यापुढे मुलं गप्प होतात, मोठी माणसं सेल्फी काढतात.

इमारतीचं काम मेजर चार्ल्स मँट यांच्या नावावर आहे, आणि ते पुरं केलं रॉबर्ट चिझम यांनी. लक्ष्मीविलास राजवाड्याचीही हीच कथा. संग्रहालय १८९४ मध्ये पुरं झालं. कारण इथेही लायब्ररीचंच होतं. ज्याला परगावी जाता येत नाही त्याला जपान, तिबेट, इजिप्त, ग्रीस बडोद्यातच दिसावं. त्यामुळे मांडणी थोडी पाठ्यपुस्तकासारखी आहे. सगळं बघायला जाल तर थकाल.

मोठ्यांनी अकोट्याचे ब्राँझ चुकवू नयेत. १९५१ मध्ये शहराच्या पश्चिमेला अकोट्यात ६८ जैन धातुमूर्ती सापडल्या, सहाव्या शतकापासून पुढच्या. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. त्यात जीवंतस्वामीची मूर्ती आहे. महावीर, पण दीक्षेआधीचे, मुकुट आणि दागिने घातलेले राजपुत्र. आणि एक चामरधारिणी आहे, तिच्यासमोर मी दरवेळी थांबते. अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक हे गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि ते अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक म्हणून. तेच वडपद्रक म्हणजे आपलं बडोदं. आज उलटं झालं आहे, अकोटा हा बडोद्याचा एक भाग.

शेजारची चित्रशाळा वेगळी इमारत आहे. तिच्यातल्या युरोपीय चित्रांची निवड मॅरिअन स्पिलमन या इंग्रज कलासमीक्षकाने केली. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रं वेळेत येऊ शकली नाहीत आणि दारं उघडली १९२१ मध्ये. "असली का नकली" हा प्रश्न इथे प्रत्येक पाहुणा विचारतो. लेबल शेवटपर्यंत वाचा. चित्रकाराचं नुसतं नाव असणं आणि "अमुकच्या शैलीतलं" किंवा "अमुकच्या शिष्याचं" असणं यात फरक आहे. माझ्या मते तिथे निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराची हिमालयाची चित्रं बघावीत आणि मग बाहेर येऊन बाकावर बसावं.

१३. रविवर्मा तर केरळचे. त्यांची चित्रं बडोद्यात इतकी कशी?

दिवाण टी. माधवराव यांच्यामुळे. ते आधी त्रावणकोरचे दिवाण होते, तिथे त्यांनी रविवर्म्याचं काम पाहिलं होतं. १८८१ मध्ये तरुण सयाजीरावांना राज्याची सूत्रं मिळायची होती, त्या प्रसंगाच्या चित्रांसाठी रविवर्मा धाकट्या भावाला घेऊन इथे आले. पुढे नव्या राजवाड्यासाठी पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रं काढायला सांगितली गेली, ती १८९० मध्ये पुरी झाली. राजवाड्यात टांगण्याआधी ती लोकांना बघायला ठेवली तेव्हा झुंबड उडाली. विश्वामित्र आणि मेनका, शंतनू आणि मत्स्यगंधा ही त्यातलीच.

चित्रांच्या छापील प्रती काढण्याची कल्पना माधवरावांनीच त्यांना सुचवली होती. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि मग ती लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचली. आजीच्या देवघरातल्या तसबिरीचा धागा असा इथे येऊन मिळतो. नऊवारी नेसलेल्या पुराणातल्या नायिका बघून तुम्हाला त्या ओळखीच्या वाटतील.

फत्तेसिंग म्युझियमची इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. १९६१ मध्ये तिथे संग्रहालय झालं. मुलांसाठी आवारात छोटी आगगाडी पळायची, तिचं इंजिन तिथेच ठेवलेलं आहे.

१४. कीर्तिमंदिर हे देऊळ आहे का? चपला काढायच्या का?

देऊळ नाही, गायकवाड घराण्याची स्मृतिवास्तू आहे, छत्र्यांच्या परंपरेतली. महाराजांच्या कारकीर्दीच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने १९३६ मध्ये बांधलेली. शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा ब्राँझचा नकाशा आहे. चपला मात्र काढाव्यात.

आत मधल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भित्तिचित्रं केली: गंगावतरण, मीरेचं जीवन, टागोरांच्या नाटकावरची नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध. मधे महायुद्ध झालं, ज्यांनी काम दिलं ते महाराज फेब्रुवारी १९३९ मध्येच गेले, तरी शांतिनिकेतनातून येऊन-जाऊन बोस यांनी काम तडीला नेलं. बाहेरगावचे लोक देवमासा बघून जातात आणि इथे येतच नाहीत. उलटं करा. पाच मिनिटं नुसतं अंधाराला डोळे सरावू द्या. मग गंगेच्या ओघाच्या रेषा दिसायला लागतात.

१५. तांबेकर वाडा बंदच असतो म्हणतात. जाण्यात अर्थ आहे का?

आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा. वरच्या मजल्यांवर तीनशेच्या आसपास चित्रं: कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठे लढाई, आणि मधेच टोपीवाल्या मडमा. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे वाडा आहे. राखणदार आसपास असतो, हाक मारली की येतो. लाकडी जिना अरुंद आहे, आजी-आजोबांना खालीच बसवा. भिंतींना हात लावू नका.

१६. फोटो काढता येतात का?

प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा. फ्लॅश कुठेच नको.

१७. प्राच्यविद्या मंदिर म्हणजे काय? सामान्य माणसाला आत घेतात का?

सेंट्रल लायब्ररीचा संस्कृत विभाग वाढत वाढत १९२७ मध्ये स्वतंत्र झाला, ती ही संस्था. आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. पंचवीस हजारांहून अधिक हस्तलिखितं तिच्याकडे आहेत. चिमणलाल दलाल यांनी पाटणच्या आणि जेसलमेरच्या जैन भांडारांतल्या पोथ्या धुंडाळल्या. गायकवाड ओरिएंटल सिरीज या इथल्या ग्रंथमालेत पहिलं छापलं गेलं ते राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६ मध्ये. अभिनवगुप्ताच्या टीकेसह नाट्यशास्त्र याच मालेत निघालं. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत इथेच झाली, शेवटचा खंड १९७५ चा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताचं जे केलं, ते बडोद्याने रामायणाचं केलं. पुणेकरांना हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

आत घेतात. ग्रंथ बघायला किंवा विकत घ्यायला कोणीही जाऊ शकतं. मूळ पोथी हातात मिळण्यासाठी मात्र विषय लिहून अर्ज द्यावा लागतो. अभ्यासाचं कारण खरं असेल तर पदवी विचारत बसत नाहीत.

१८. आमच्या घरी मोडीतली कागदपत्रं आहेत. पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत होते. त्यांची नोंद प्राच्यविद्या मंदिरात मिळेल का?

तिथे नाही. पोथी वेगळी आणि दप्तर वेगळं. संस्थानचं दप्तर गुजरात राज्य अभिलेखागाराच्या बडोद्यातल्या कचेरीत आहे. तिथे जाताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: पूर्वजाचं पूर्ण नाव, अंदाजे साल, आणि खातं. खातं महत्त्वाचं. दप्तर खात्यांप्रमाणे लावलेलं असतं, घराण्यांप्रमाणे नाही. "आमचे पणजोबा सरदार होते" एवढ्यावर काही निघत नाही. "सिलेदार होते, खंडेराव महाराजांच्या वेळी" म्हणालात तर रस्ता सुरू होतो. मोडी स्वतःला येत नसेल तर जाणकार बरोबर न्या.

१९. आजोबांची दोनशे मराठी पुस्तकं लायब्ररीला द्यायची आहेत. घेतील का?

सरसकट घेत नाहीत, आणि त्यात अपमान मानू नका. आधी यादी करा: नाव, लेखक, साल, प्रकाशनाचं गाव. साहित्यमालेतली किंवा बडोद्यात छापलेली पुस्तकं वेगळी काढा, त्यांना मागणी असते. जुन्या क्रमिक पुस्तकांना, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांना कोणी हात लावत नाही. आजोबांचं नाव लावून वेगळं कपाट करा, ही अट घालू नका. तिथेच बोलणी फिसकटतात. आमच्याकडच्या पुस्तकांची अशीच एका ठिकाणी बोलणी फिसकटली होती, आणि चूक आमची होती.

२०. आणि जुनी पोथी असेल तर?

ती ग्रंथालयाला नको, प्राच्यविद्या मंदिराला दाखवा (प्रश्न १७). नेण्याआधी साफ करायला जाऊ नका. हळद-तेल नको, उन्हात घालणं नको. पानं सुटी असतील तर आहेत त्याच क्रमाने ठेवा, तुम्हाला तो चुकलेला वाटला तरी. वरखाली दोन लाकडी फळ्या, बाहेरून धुतलेलं सुती कापड. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट होऊन बुरशी धरते. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. लावला असेल तर काढायलाही जाऊ नका, तसंच घेऊन या.